एसकेएस लहरींवरून प्रावरणातले दोन थर कसे ओळखायचे: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

भूकंपशास्त्राचा प्रकल्प हाती घेतला की मार्गदर्शक पुष्कळदा सांगतात, "एखाद्या स्थानकाचं एसकेएस स्प्लिटिंग करून बघ," म्हणजे गाभ्यातून आलेली एसकेएस लहर प्रावरणाच्या खडकात कशी दुभंगते ते मोज. सॉफ्टवेअर दोन-तीन दिवसांत चालू होतं. महिन्याभरात तीस-चाळीस मोजमापं हातात येतात. मग ती एका आलेखावर मांडली की कोड्यात पडायला होतं: मोजलेल्या वेगवान दिशांचे काही बिंदू ३०° वर, काही ७५° वर, काही थेट १२०° वर. यांची सरासरी काढायची, की खाली वेगवेगळ्या वेगवान दिशांचे दोन थर आहेत असं म्हणायचं? मी या प्रश्नावर जवळजवळ आठ महिने घालवले. त्यातले निदान पाच वाचले असते, जर कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं की एका भूकंपाच्या नोंदीत थर दिसत नाहीत. वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या लहरी शेजारी-शेजारी ठेवल्या, तरच ते दिसतात. म्हणून मोजमापांच्या संख्येमागे लागू नका, दिशा जमवा.

सरावासाठी कॅलिफोर्नियातलं बर्कलेचं बीकेएस स्थानक घ्या. विद्यापीठामागच्या स्ट्रॉबेरी कॅन्यनमधल्या भुयारात ते आहे. नोंदी कुणालाही मोफत मिळतात, आणि १९९४ मध्ये सेरदार ओझालायबे व मार्था सॅव्हेज यांनी इथेच दोन थर वेगळे करून दाखवले होते. उत्तर माहीत असलेल्या गणितावर हात बसवावा, मग आपल्या स्थानकाकडे वळावं.

आधी जमवायच्या गोष्टी

- तीन घटकांच्या (उभा, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम) ब्रॉडबँड स्थानकाची निदान आठ-दहा वर्षांची नोंद. दोन वर्षांची तात्पुरती स्थानकं एका थरासाठी चालतात, दोन थरांसाठी बहुधा पुरत नाहीत.
- त्या स्थानकाची स्टेशनएक्सएमएल फाइल. उपकरण कधी बदललं, घटक कोणत्या दिशेला लावले होते, हे त्यात असतं.
- यूएसजीएस (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) किंवा ग्लोबल सीएमटी प्रकल्पाची भूकंपसूची.
- भूकंपनोंदी हाताळणारं पायथॉनमधलं ऑब्सपाय. लहर कधी पोचेल हे सांगणारं टाउपी त्यातच आहे.
- मोजमापासाठी स्प्लिटलॅब किंवा स्प्लिटरेसर. दोन्ही मोफत आहेत, पण मॅटलॅबवर चालतात, तेव्हा परवान्याची सोय आधी बघा.
- एक कागदी वही. कोणता भूकंप का टाकला, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

१. आपण काय मोजतोय ते नीट समजून घ्या

वरच्या प्रावरणात साधारण ६० टक्के ऑलिव्हिन असतं. लाकडाला जशी नस असते तशी ऑलिव्हिनच्या स्फटिकालाही असते: एका अक्षावर लहर जलद जाते, दुसऱ्यावर मंद. खडक प्रवाहात ताणला गेला की पुष्कळ स्फटिकांचे जलद अक्ष प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि शेकडो किलोमीटरच्या खडकाला एकच नस येते. वेगाच्या या दिशाभेदालाच ॲनिसोट्रॉपी म्हणतात. अशा खडकात शिरलेली एस-लहर दुभंगते. तिचा एक भाग जलद दिशेत कंप पावतो, दुसरा त्याला काटकोनात, आणि दुसरा मागे पडतो. आपण दोनच गोष्टी मोजतो: वेगवान दिशा आणि विलंब. विलंब बहुधा १ सेकंदाच्या आसपास असतो.

यासाठी एसकेएसच का? ही लहर भूकंपापासून एस म्हणून निघते, द्रवरूप बाह्य गाभ्यात पी म्हणून जाते आणि आपल्या बाजूला बाहेर पडताना पुन्हा एस होते. द्रवातून एस-लहर जात नसल्यामुळे भूकंपाच्या बाजूला तिच्यावर झालेले संस्कार गाभ्यातच पुसले जातात. गाभ्यातून बाहेर येताना तिचं कंपन फक्त रेडियल दिशेत, म्हणजे भूकंप आणि स्थानक जोडणाऱ्या रेषेत असतं. वाटेत ॲनिसोट्रॉपी नसेल तर ट्रान्सव्हर्स, म्हणजे त्या रेषेला काटकोनातल्या घटकावर काहीच दिसायला नको. तिथे ऊर्जा दिसली, तर आपल्या बाजूच्या खडकानेच काहीतरी केलं आहे.

२. नोंदी उतरवण्याआधी दिशांचा तक्ता करा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. घाई इथेच नडते.

आडवे दोन थर असतील तर मोजलेली दिशा आणि विलंब बॅक-ॲझिमथप्रमाणे, म्हणजे लहर उत्तरेपासून किती अंशांवरून आली त्याप्रमाणे, बदलतात. पॉल सिल्व्हर आणि मार्था सॅव्हेज यांनी १९९४ मध्ये दाखवलं की हा बदल दर ९०° नंतर पुन्हा तसाच येतो. म्हणून प्रत्येक बॅक-ॲझिमथला ९० ने भागून बाकी काढा. ती बाकी ० ते ९० च्या पट्ट्यात किती पसरते, यावर थर वेगळे करता येतील की नाही हे ठरतं.

बर्कलेसाठी मी काढलेले अंदाजे आकडे असे. दक्षिण-मध्य चिलीचे भूकंप १४२° वरून येतात, बाकी ५२. व्हानुआतूचे २४४°, बाकी ६४. बांदा समुद्राचे २७७°, बाकी ७. हिंदुकुशचे ३४९°, बाकी ७९. ग्रीस-तुर्कस्तानकडचे २६°, बाकी २६. ७, २६, ५२, ६४, ७९: पट्टा जवळजवळ भरला. अंतरंही (पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजलेली) एसकेएसला लागणाऱ्या पट्ट्यात, ८५° ते ११०° मध्ये बसतात.

आता हेच हैदराबादसाठी करा. एनजीआरआयच्या (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या) आवारात फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्याचं एचवायबी स्थानक आहे, त्याच्याही नोंदी खुल्या आहेत. टोंगा-फिजी १०६° वर, व्हानुआतू १०७° वर, म्हणजे बाकी १६-१७. अलास्का द्वीपकल्प २९°, बाकी २९. दक्षिण अटलांटिकमधली साउथ सँडविच बेटं २१५°, बाकी ३५. सगळं १६ ते ३५ मध्ये अडकलं. त्यात बहुतेक मोठे भूकंप टोंगा-व्हानुआतूचेच, म्हणजे एकाच दिशेचे. तुम्ही तिथे दोनशे मोजमापं केलीत तरी पट्ट्याचा बराचसा भाग कोराच राहील. दख्खनच्या पठारावरच्या कोणत्याही स्थानकावर थोड्याफार फरकाने हीच अडचण येते. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना आपल्या पायाखालचा खडक अभ्यासायची ओढ असते, माझीही होती. पण हा तक्ता आधी करा आणि मार्गदर्शकांना दाखवा. एसकेएससारख्याच गाभ्यातून, पण जास्त दुरून येणाऱ्या पीकेएस आणि एसकेकेएस लहरी घेतल्या तर एखाद-दुसरी नवी दिशा मिळते. त्यांची मोजणी करून मगच ठरवा.

३. भूकंप निवडा, नोंदी कापा

मॅग्निट्यूड ६ च्या वर, अंतर ८५° ते १३०°. टाउपीमध्ये पृथ्वीतल्या लहरींच्या वेगाचं आयएएसपी९१ किंवा एके१३५ प्रारूप वापरून एसकेएसची अपेक्षित वेळ काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना निदान एक-एक मिनिट ठेवून नोंद कापा. अंतर ८५° च्या जवळ असेल तर एस आणि एससीएस (गाभ्यावरून परावर्तित झालेली एस) लहरी एसकेएसला खेटून येतात. त्या विंडोत, म्हणजे मोजणीसाठी निवडलेल्या वेळेच्या तुकड्यात शिरल्या की उत्तर देखणं येतं आणि चुकीचं असतं. प्रत्येक नोंदीवर शेजारच्या लहरींच्या वेळाही रेषांनी आखून घ्या.

फिल्टर साधारण ०.०४ ते ०.१२५ हर्ट्झ, म्हणजे ८ ते २५ सेकंद. एक निवडा आणि सगळ्या भूकंपांना तोच लावा. दोन थरांत मोजलेली किंमत लहरीच्या आवर्तकाळावरही अवलंबून असते. अर्ध्या नोंदी एका फिल्टरने आणि अर्ध्या दुसऱ्याने केल्यात तर फिल्टरचा फरक थरांच्या खात्यावर जमा होईल.

४. उपकरणाची उत्तर दिशा स्वतः तपासा

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. एका स्थानकाच्या माहितीत उत्तर घटक ०° वर लिहिला होता. प्रत्यक्षात तो सुमारे ११° फिरलेला होता. मी तीन महिने त्या नोंदींवर थर बसवत होते, आणि ते बसतही होते.

ही चूक डोळ्यांनी पकडता येते. रेडियल आणि ट्रान्सव्हर्स एकाखाली एक, एकाच वेळरेषेवर काढा. लहर खरोखर दुभंगलेली असेल तर ट्रान्सव्हर्सचा आकार रेडियलच्या उतारासारखा दिसतो: रेडियल जिथे शिखरावर पोचते, नेमक्या तिथे ट्रान्सव्हर्स शून्यातून जाते. कणगतीच्या, म्हणजे जमिनीचा कण कसा हलला ते दाखवणाऱ्या आलेखावर चपटी लंबवर्तुळं दिसतात. उपकरण फिरलेलं असेल तर ट्रान्सव्हर्स ही रेडियलचीच लहान प्रत असते. दोघींची शिखरं एकाच क्षणी येतात आणि कणगती सरळ रेषेत राहते, फक्त ती रेषा बॅक-ॲझिमथवर नसून बाजूला कललेली असते. मला हे दिसलं त्या दिवशी आधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा उघडल्या. प्रत्येकीत तोच कल, त्याच बाजूला.

पक्कं करण्यासाठी पी-लहरींची किंवा रॅले लहरींची कणगती घेऊन पंधरा-वीस भूकंपांवर दिशा तपासा. वर्षांनुसार वेगळी मांडा, कारण उपकरण बदललं की कोनही बदललेला असू शकतो.

५. प्रत्येक भूकंप दोन पद्धतींनी मोजा

पहिली पद्धत बोमन आणि अँडो यांची, १९८७ ची. नोंद फिरवत आणि सरकवत राहायचं आणि दोन भागांचे आकार सर्वात जास्त कुठे जुळतात ते पाहायचं. दुसरी सिल्व्हर आणि चॅन यांची, १९९१ ची. दुरुस्तीनंतर ट्रान्सव्हर्सवरची ऊर्जा सर्वात कमी कुठे होते ते पाहायचं. स्प्लिटलॅब हे दोन्ही आपोआप करतं. तुमचं काम पडद्यावर चार गोष्टी बघण्याचं आहे. दुरुस्तीनंतर दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का? ट्रान्सव्हर्स सपाट होते का? लंबवर्तुळाची रेषा होते का? त्रुटीच्या नकाशावरचं वर्तुळ लहान आणि एकच आहे का?

विंडो जरा पुढेमागे करून पाहा. दोन सेकंदांनी सरकवल्यावर दिशा २०° ने उडाली, तर ते मोजमाप नाही, गोंगाट आहे. विलंब शोधपट्टीच्या अगदी टोकाला, समजा ४ सेकंदांवर, अडकला असेल तर तोही आकडा घेऊ नका. त्रुटी मोजताना जुनं सूत्र वापरणारी आवृत्ती टाळा. २०१३ मध्ये वॉल्श, अरनॉल्ड आणि सॅव्हेज यांनी त्या सूत्रातली चूक दाखवली. तिच्यामुळे त्रुटी प्रत्यक्षापेक्षा लहान दिसत होती.

६. नल मोजमापं टाकू नका

ट्रान्सव्हर्सवर काहीच ऊर्जा नसेल त्या नोंदीला नल म्हणतात. नवखे लोक तिला अपयश समजून यादीतून काढतात. तसं करू नका. एक थर असेल तर लहर त्याच्या वेगवान दिशेतून किंवा तिच्या काटकोनातून आली की नल मिळायलाच हवा. नल कुठे मिळतो आणि कुठे मिळत नाही, हा चांगला पुरावा आहे. सगळ्याच दिशांना नल मिळत असेल तर खाली ॲनिसोट्रॉपी नाही, किंवा अक्ष उभा आहे, किंवा दोन सारखे थर काटकोनात बसून एकमेकांना पुसत आहेत.

आणि इथे एक सापळा आहे, ज्यात अनुभवी माणसंही सापडतात. लहर नलच्या जवळच्या दिशेतून आली की पहिली पद्धत वेगवान दिशा बॅक-ॲझिमथपासून साधारण ४५° वर दाखवते. तसे बिंदू ओळीने आले की आलेखावर तिरकी रेघ उमटते, मग उडी, पुन्हा तिरकी रेघ. दोन थरांची आकृतीही अशीच करवतीच्या दातांसारखी दिसते! म्हणून दोन पद्धतींची उत्तरं शेजारी लिहा. दिशेत ४५° च्या आसपास फरक असेल आणि पहिलीचा विलंब दुसरीपेक्षा खूपच कमी असेल, तर तो भूकंप नलच्या रकान्यात टाका. ही चाळणी लावल्यावरही दात उरले, तरच थरांचा विचार करा.

टोंगाचे भूकंप हैदराबादला याच कारणाने त्रास देतात. ते १०६° वरून येतात. भारतीय ढालप्रदेशाखालच्या (द्वीपकल्पातल्या प्राचीन, स्थिर खडकांखालच्या) सुरुवातीच्या मोजमापांत स्प्लिटिंग जवळजवळ दिसलंच नव्हतं. पुढे २००८-०९ च्या सुमारास बऱ्याच स्थानकांवरून झालेल्या कामांत वेगवान दिशा पुष्कळ ठिकाणी उत्तर-ईशान्य ते ईशान्य, भारतीय प्लेटच्या चालीला मिळतीजुळती आली. उत्तर-ईशान्येला काटकोन केला तर आपण टोंगाच्या दिशेच्या जवळच पोचतो. जिथून सर्वांत जास्त लहरी येतात, नेमकी तीच दिशा आंधळी असण्याची शक्यता आहे.

७. दोन थर बसवा

चाळलेली मोजमापं बॅक-ॲझिमथसमोर मांडा. दिशा आणि विलंब सर्वत्र सारखे असतील तर एक थर पुरे, पुढे जाऊच नका. ९०° ची पुनरावृत्ती दिसली तर शोध सुरू करा.

अज्ञात चार: वरच्या थराची दिशा व विलंब, खालच्याची दिशा व विलंब. दिशा ५° च्या पायरीने म्हणजे ३६ किमती, विलंब ०.२ ते २ सेकंद, ०.२ च्या पायरीने म्हणजे १०. दोन्ही थर मिळून ३६ × ३६ × १० × १० = १,२९,६०० जोड्या. साधा लॅपटॉप हे सहज करतो. प्रत्येक जोडीसाठी सिल्व्हर-सॅव्हेज सूत्रांनी अपेक्षित किमती काढा. सूत्रात वारंवारता लागते, ती तुमच्या नोंदींतली प्रत्यक्ष प्रबळ वारंवारता असू द्या.

सर्वात चांगली एकच जोडी छापू नका. उत्तम हजार जोड्या एकत्र काढून बघा. त्या एका घोळक्यात असतील तर उत्तर आहे. चारही बाजूंना विखुरल्या असतील तर नोंदींना थर वेगळे करता आलेले नाहीत. एका थराला दोन अज्ञात असतात, दोघांना चार. अज्ञात वाढवले की जुळणी सुधारतेच, म्हणून तो वाढीव हिशोब वजा करणारी कसोटी लावा आणि एका थरापेक्षा खरंच फायदा झाला का ते पाहा.

दोन थर एकाच दिशेचे असतील तर विलंबांची बेरीज होते, काटकोनात असतील तर वजाबाकी. दोन्ही वेळा दिशेनुसार बदल दिसत नाही. ०.८ आणि १.० सेकंदाचे थर समांतर असतील तर १.८ दिसेल, काटकोनात ०.२, आणि दोन्ही वेळा तुम्हाला एकच थर वाटेल. "बदल नाही" म्हणजे "एकच थर" असं लिहिताना हे लक्षात ठेवा.

सेबास्तियाँ शेव्हरो यांनी २००० मध्ये मांडलेली स्प्लिटिंग इंटेन्सिटीची पद्धत गोंगाटात जास्त टिकाऊ आहे आणि नलही आपोआप सामावून घेते. पण लांब आवर्तकाळात तिच्यात थरांचे परिणाम नुसते बेरजेत येतात, वरचा कोणता आणि खालचा कोणता हे हरवतं. तिचा उपयोग पडताळणीसाठी करा, थरांच्या क्रमासाठी नको.

८. दोन थरांसारखंच दिसणारं दुसरं काही नाही ना?

तिरपा अक्ष असेल तर पुनरावृत्ती ९०° ऐवजी १८०° किंवा ३६०° वर येते. म्हणून ० ते ९० मध्ये घडी घातलेला आलेख आणि पूर्ण ३६०° चा आलेख दोन्ही ठेवा.

बाजूने बदलणारा खडक असेल तर शेजारच्या स्थानकाशी तुलना करा. १० सेकंदांची लहर २०० किलोमीटर खोलीवर सुमारे ६५ किलोमीटर त्रिज्येचा भाग एकत्र "बघते". पूर्वेकडून आलेल्या लहरी एक उत्तर देतात आणि पश्चिमेकडच्या दुसरं, असं असेल तर तो थरांचा नव्हे, जागेचा फरक असू शकतो.

गाभ्यालगतच्या प्रावरणाचाही वाटा असू शकतो. एकाच भूकंपाच्या एसकेएस आणि एसकेकेएस लहरी मोजा. वरच्या प्रावरणात त्या जवळजवळ एकाच वाटेने येतात, गाभ्याच्या सीमेवर मात्र लांब-लांब असतात. दोघींची उत्तरं वेगळी आली तर कारण खोलवर आहे.

९. अर्थ लावताना

एसकेएस जवळजवळ उभी वर येते, त्यामुळे ती खोली सांगत नाही. क्रम कळतो, किलोमीटर कळत नाहीत. ढोबळ हिशोब असा: ४ टक्के ॲनिसोट्रॉपी धरली तर १ सेकंद विलंबाला सुमारे ११५ किलोमीटर जाडी लागते. कवचाचा वाटा बहुधा ०.१ ते ०.३ सेकंद. तुमच्या वरच्या थराचा विलंब ०.२ निघाला तर तो प्रावरणातला आहे असं म्हणायची घाई करू नका. खोलीसाठी पृष्ठलहरींचा आधार घ्या.

बर्कलेत वरच्या थराची वेगवान दिशा सॅन अँड्रियास भ्रंशाला जवळजवळ समांतर, म्हणजे वायव्य-आग्नेय, आणि खालच्याची पूर्व-पश्चिम निघते. वरचा थर भ्रंशासोबत घासल्या गेलेल्या शिलावरणाचा, खालचा त्याखालच्या मऊ प्रावरणातल्या हालचालीचा, असा अर्थ लावला जातो. वर-खाली अदलाबदल करून तुमचा प्रोग्रॅम चालवा. आलेख बदलायला हवा. बदलला नाही, तर कोडमध्ये थरांचा क्रम कुठेतरी गळला आहे.

१०. प्रबंधाला जोडायचा तक्ता

भूकंपाची तारीख आणि वेळ, बॅक-ॲझिमथ, अंतर, लहर, फिल्टर, विंडोची सुरुवात व शेवट, दोन्ही पद्धतींची दिशा व विलंब, त्रुटी, मोजमापाचा दर्जा, नल आहे की नाही, आणि टाकला असेल तर कारण. टाकलेलेही सगळे लिहा. चार वर्षांनी कुणीतरी तेच स्थानक हातात घेईल. मध्यंतरी एखादा मोठा भूकंप कोऱ्या दिशेला झालेला असेल आणि त्याला तुमच्या तक्त्यात फक्त एक ओळ घालायची असेल.